एका साइटसाठी जपून ठेवलेलं जावा

ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेची निविदा ऑनलाइन भरणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, त्याला यूएसबीत डिजिटल सहीचं टोकन, आणि मालकाची सक्त ताकीद : 'यावर काही अपडेट करायचं नाही, नाहीतर सही होत नाही!'

ताकीद अगदीच चुकीची नव्हती. सरकारी ई-निविदांच्या पोर्टलवर सहीसाठी वर्षानुवर्षं ब्राउझरमध्ये जावाचं प्लग-इन लागायचं. नवं टाकलं की काहीतरी बिघडायचं, म्हणून जुनंच ठेवलं जायचं.

आता यातला धोका बघा. पानावरची स्क्रिप्ट ब्राउझरच्या कुंपणात चालते. तिला तुमच्या फायली सहसा उघडता येत नाहीत. जुन्या पद्धतीचं प्लग-इन मात्र कुंपणाबाहेर, तुमच्याच अधिकारांनिशी चालायचं. एखाद्या बाधित पानावरची स्क्रिप्ट आधी विचारणार, 'जावा कितवं?' आणि मग त्या आवृत्तीला लागू पडणारी किल्ली पाठवणार. जानेवारी 2013 मध्ये जावात असंच भोक सापडलं, तेव्हा अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं ब्राउझरमधलं जावा बंदच करा, असं सांगितलं होतं. क्रोमनं 2015 मध्ये अशी प्लग-इन काढून टाकली, फायरफॉक्सनं 2017 मध्ये (फ्लॅश तेवढं राहिलं). फ्लॅशही 31 डिसेंबर 2020 ला संपलं. त्यामुळे आज कुठलं पान 'फ्लॅश अपडेट करा' म्हणालं, तर ते खोटं. बंद करा आणि चालू लागा.

पण प्लग-इन मेलं तरी आपल्या मशीनवर ते पडून असतं ना! निविदा वर्षातून दहा वेळा भरायची, आणि दार वर्षभर उघडं. आणि त्याच मशीनमध्ये सहीचं टोकन लटकलेलं.

मग करायचं काय? पोर्टलला खरंच अजून जावा लागतंय का, ते आधी तपासा. नसेल तर कंट्रोल पॅनलमधून काढून टाका. लागत असेल तर एज ब्राउझरच्या इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये तेवढंच पोर्टल उघडा. आपण स्वतः यादीत घातलेली साइट तिथं 30 दिवसच राहते, आणि ही कटकट नव्हे, सोय आहे. ईमेल, बातम्या, बँक यांसाठी दुसरा, अद्ययावत ब्राउझर. सही झाली की टोकन उपसून खणात.

राहिल्या स्क्रिप्ट. साइट चांगली म्हणजे स्क्रिप्टही तिचीच, असं नसतं. जून 2024 मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या पत्त्यावरून येणारी स्क्रिप्ट दूषित निघाली. लाखाहून अधिक साइट ती स्वतःहून मागवत होत्या, आणि पत्ता मात्र मध्येच विकला गेला होता. फायरफॉक्सवर नोस्क्रिप्ट टाकलं तर अनोळखी पत्त्यांवरच्या स्क्रिप्ट मुळात थांबतात. पहिला आठवडा वैताग येतो, अर्धी पानं मोडतात. मग लागेल तसा एकेक पत्ता मोकळा करायचा. घरच्यांना हे जड जाईल, त्यांच्यासाठी जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शनही बरंच काम करतं. निविदेच्या मशीनवर मात्र नोस्क्रिप्टच ठेवा.