ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि जुनी एमजीबी

मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी जुनी एमजीबी महाराज बाड्याच्या गर्दीत अडकली, की तापमानाचा काटा चढलाच म्हणून समजा. १९६२ साली आलेल्या या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये पंखा इंजिनच फिरवतं. इंजिन मंदावलं की पंखाही मंदावतो, आणि उभ्या गाडीला समोरून वाराही मिळत नाही.

म्हणून रेडिएटर स्वच्छ हवा. बाहेर धूळ आणि किडे अडकतात, आत बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसतो. उलट्या दिशेने पाणी सोडून रेडिएटर धुवा. तरीही गरम रेडिएटरचा एखादा पट्टा गार लागला, तर तिथल्या नळ्या तुंबल्या आहेत; रेडिएटर उघडून साफ करणारा जुना कारागीर गाठा. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. कूलंट विषारी असतं, मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवा.

रेडिएटरच्या झाकणाकडे सगळे दुर्लक्ष करतात. १० पौंडांचा दाब धरणारं झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १५ अंशांनी वाढवतं. रबर कडक झालं की हा फायदा गेला. गरम असताना मात्र ते उघडू नका.

‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा गॅरेजमधला सल्ला कृपया ऐकू नका! तो काढला की हिवाळ्यात इंजिन पुरेसं तापतच नाही आणि झीज वाढते. त्याऐवजी थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात ठेवून तापवा आणि तो उघडतो का ते तपासा.

सगळं ठीक असूनही गाडी तापते? मग इग्निशन टायमिंग बघा. ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन तापतं.