जुनी गाडी, घामाचा पैसा

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे जिल्ह्याचे मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावात उभे राहिले. तेव्हापासून या रस्त्यावरची वर्दळ वाढतच गेली. कुणाला कचेरीत दाखला हवा असतो, कुणाची तारापूर एमआयडीसीत पाळी असते, कुणाला आजारी आईला दवाखान्यात न्यायचे असते. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, पण स्टेशनपासून घरापर्यंतचा प्रश्न उरतोच. शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, आणि जुलैच्या पावसात लहान मूल व म्हातारे माणूस घेऊन स्कूटरवर जाणे धोक्याचे असते.

म्हणून आपल्या अनेक घरांत आता एक वाक्य ऐकू येते, ‘एखादी जुनी गाडी बघा ना.’ नवी गाडी म्हणजे बँकेचे कर्ज आणि त्यावर व्याज. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांच्यापुढे साठवलेल्या रोख पैशात बसेल ती गाडी एवढाच मार्ग राहतो. तो मार्ग चांगला आहे. पण हा पैसा बिशी लावून, ईदचे कपडे साधे घेऊन, वर्षानुवर्षे जमवलेला असतो. तो एका दुपारी बुडू नये, यासाठी हे चार शब्द.

आधी गरज, मग गाडी

रोजचा प्रवास वीस-पंचवीस किलोमीटरचा असेल तर पेट्रोलवरची लहान गाडी पुरते. अल्टो, वॅगन आर, सॅन्ट्रो यांसारख्या गाड्यांचे सुटे भाग बोईसर-पालघरच्या दुकानांत मिळतात आणि साधा मेकॅनिकही त्यांना हात घालू शकतो. स्वस्तात मिळणारी मोठी डिझेल गाडी दारात शोभते, पण तिच्या एका दुरुस्तीत महिन्याचा पगार जातो. हातात दीड लाख असतील तर सव्वा लाखाची गाडी बघावी. टायर, बॅटरी, विमा आणि पहिली सर्व्हिसिंग यांना पैसे लागतातच.

वय बघताना हिशेब नीट करावा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे गाडीची तपासणी होऊन 5-5 वर्षांसाठी ती वाढवून मिळते. 2012 सालची गाडी आज स्वस्त वाटते, पण तिची मुदत 2027 मध्ये संपते. एप्रिल 2022 पासून अशा नूतनीकरणाची फी बरीच वाढली आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. भाव ठरवताना हा खर्च विकणाऱ्यासमोर मांडावा.

कागद बोलतात

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला गुजरात आणि दमण आहे. जीजे किंवा डीडी नंबरच्या गाड्या इकडे स्वस्तात दाखवल्या जातात. गाडी खरेच चांगली असेलही, पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणून इथे नवी नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. स्वस्ताई तिथेच संपते. शक्यतो आपल्याच भागातली एमएच-48 किंवा एमएच-04 नंबरची गाडी बघावी.

आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नंबर टाकून थकीत ई-चलन तपासावे. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघावे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नाव बदलणे. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन 30 दिवसांत आरटीओत अर्ज करावा. ‘नाव नंतर करू’ हे वाक्य विकणाऱ्यालाही महागात पडते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी नाव न बदलता हातोहात विकली गेली होती. अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव होते त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले. गाडी सोपवल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही करावी. पैसे बँकेतून द्यावेत. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस मात्र त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही.

डोळ्यांनी आणि नाकाने

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघावी. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन सुरू होण्याची अडचण लपवते. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. सातपाटी, केळवे, चिंचणीच्या बाजूला राहिलेल्या गाडीचा पत्रा खारट हवेने खालून खाल्लेला असतो, म्हणून वाकून दाराच्या खालची पट्टी आणि चाकांच्या वरची कमान बघावी. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट पूर्ण ओढून बघावा, शेवटच्या भागावर चिखलाचा डाग राहतो. स्टेपनीची जागा आणि पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यावा. मीटर कमी आणि पेडलची रबरे झिजलेली असतील तर मीटर मागे फिरवले आहे असे समजावे. आता पंपांवर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, म्हणून जुन्या गाडीचे रबरी पाईप आवर्जून तपासून घ्यावेत.

आम्ही अम्मींच्या उपचारांच्या फेऱ्यांसाठी गाडी शोधत होतो तेव्हा एका विक्रेत्याने आमच्या मेकॅनिकला बोनेट उघडू दिले नाही. ‘माझ्यावर भरवसा नाही का, सर?’ आम्ही सलाम करून निघालो. पुढे एका निवृत्त कामगाराकडे गाडी पाहिली. त्यांनी चहा येण्याआधीच सांगितले, ‘सर, क्लच सहा महिन्यांत बदलावा लागेल. मी भाव त्या हिशेबानेच सांगतो.’ सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाईल त्यांनी समोर ठेवली. मेकॅनिकने तपासले, क्लचखेरीज काही निघाले नाही. आम्ही भावात घासाघीस केली नाही.

मालातला ऐब लपवून विकू नये, ही शिकवण आपण मुलांना मदरशात आणि घरात देतो. जुन्या गाडीच्या व्यवहारात तिची परीक्षा होते. आज आपण घेणारे आहोत, चार-पाच वर्षांनी हीच गाडी विकणारे होऊ. तेव्हा समोर असाच कुणी, घरची साठवण खिशात घेऊन उभा असेल. त्याच्यासाठी आजपासून एक फाईल करावी आणि तेल बदलल्याची पहिली पावती तिच्यात लावून ठेवावी.