एक द्वारपाल, अनेक द्वारे

शासकीय योजनेचा लाभ योग्य व्यक्तीच्याच हाती पडावा, यासाठी प्रत्येक कार्यालयाला दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. समोर उभी असलेली व्यक्ती कोण, हा पहिला प्रश्न. आणि मागितलेली वस्तू वा सेवा मिळण्याचा तिला अधिकार आहे काय, हा दुसरा. पूर्वी ह्या दोन्ही प्रश्नांचा निवाडा प्रत्येक खाते आपापल्या दप्तरावरून करीत असे. आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेक सेवा एकाच ठिकाणाहून मिळवितात. ही सामाईक पडताळणी कशी चालते आणि जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ भागात तिचे लाभ व मर्यादा कोणत्या, हे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

सामाईक पडताळणीचे स्वरूप

संगणकक्षेत्रात ही रचना रूढ आहे. दूरच्या संगणक केंद्रांतील भाड्याच्या यंत्रणेवर, म्हणजे ‘क्लाउड’वर, अनेक छोट्या सेवा स्वतंत्रपणे चालतात. प्रत्येक सेवेने आपला पहारेकरी वेगळा नेमला, तर नियम ठिकठिकाणी वेगळे होतात आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसरीकडे पोहोचत नाही. म्हणून सर्व सेवांच्या वाटेवर एकच द्वारपाल नेमण्यात येतो. आपल्या देशात नागरिकांची ओळख पटविण्याचे असेच काम ‘आधार’ करते. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातीलच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी गावी देण्यात आला.

रास्त भाव दुकानातील यंत्रावर बोट ठेवले, की ठशाची माहिती सांकेतिक रूपात आधार क्रमांकासह केंद्रीय भांडाराकडे जाते. तेथे ती साऱ्या देशातील ठशांशी नव्हे, तर केवळ त्याच क्रमांकापुढे नोंदलेल्या ठशांशी ताडून पाहिली जाते आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर परत येते. बँक मित्राजवळचे यंत्र ह्याच द्वारपालास विचारते. निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेली ‘जीवन प्रमाण’ ही हयातीच्या दाखल्याची सोयही त्याच्यावरच अवलंबून आहे.

मात्र ह्या ‘होय’ने केवळ ओळख पटते, अधिकार ठरत नाही. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो धान्य, हे शिधापत्रिकेच्या नोंदीवरून ठरते. खात्यात शिल्लक किती, हे बँकेचे दप्तर सांगते. हा भेद ध्यानात ठेवणे फार महत्त्वाचे आहे.

स्थलांतरितांची सोय

जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ह्या समाजांची येथे वस्ती आहे. भात, नाचणी व वरई ही पावसावरची पिके घरात आली, की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी भिवंडी, वसई ह्या भागांकडे जातात. पूर्वी शिधापत्रिका गावच्या दुकानाशी बांधलेली असल्याने ह्या काळात हक्काचे धान्य पदरात पडणे कठीण होई. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र प्रदेश-तेलंगण ह्या दोन जोड्यांपासून ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेचा प्रारंभ झाला. तिच्यामुळे मजुराला कामाच्या ठिकाणी आपल्या वाट्याचे धान्य घेता येते आणि उरलेले धान्य गावी राहिलेल्या वृद्धांना मिळू शकते. सर्व दुकाने एकाच द्वारपालास विचारीत असल्यामुळेच हे शक्य झाले.

एका दोषाने अनेक दारे बंद

परंतु ह्याच रचनेत एक धोकाही आहे. शेतात व भट्टीवर राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात; वार्धक्यात त्या आणखी पुसट होतात. शिवाय दरीखोऱ्यांतील पाड्यांवर दूरध्वनीच्या लहरी सर्वत्र सारख्या पोहोचत नाहीत. पूर्वी शिधापत्रिकेत चूक असली, तर केवळ धान्य अडत असे. आता एक ठसा न जुळल्यास धान्य, बँकेतील पैसा आणि हयातीचा दाखला ही तिन्ही कामे अडू शकतात. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंचे स्मरण असणाऱ्यांना, एका महिन्याचे धान्य अडणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

कायद्याने ह्याचा विचार केलेला आहे. २०१६ च्या आधार अधिनियमाचे कलम ७ सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी वैध ठरविले. ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही, त्याची ओळख अन्य मार्गाने पटवून लाभ द्यावा, अशी तरतूद त्याच कलमात आहे. ठसा न जुळणे एवढ्याच कारणास्तव कोणासही धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या. दुसरे बोट, डोळ्यातील बुबुळ, भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक अंक हे पर्यायही आहेत. आणि तेही निष्फळ ठरले, तर अन्य ओळखपत्र पाहून नोंदवहीत तशी नोंद करता येते.

गावपातळीवरील कर्तव्य

ह्या तरतुदी कागदावर राहू नयेत, ही जबाबदारी आपल्या सर्वांची आहे. मुलांचे ठसे वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. प्राथमिक शाळा व आश्रमशाळांतील शिक्षकांनी पालकांना त्याची वेळीच आठवण द्यावी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये रास्त भाव दुकानाच्या पातळीवरही दक्षता समितीची तरतूद आहे. पंचायत सदस्यांनी तिच्या बैठकीत, ठसा न जुळल्याने कोण परत गेले, याची विचारपूस करावी आणि तक्रार असल्यास ती जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पाठवावी. अधिकाऱ्यांनी दुकाननिहाय पाहणी करताना, पर्यायी नोंदवही ठेवली आहे काय आणि ती वापरली जाते काय, हे स्वतः पाहावे.

यंत्राने ‘नाही’ म्हटले, याचा अर्थ ‘ओळख पटली नाही’ एवढाच होतो. ‘अधिकार नाही’ असा होत नाही. ही एक गोष्ट प्रत्येक दुकानदाराला आणि प्रत्येक शिधापत्रिकाधारकाला समजली, तर सामाईक पडताळणीचा लाभ दूरच्या पाड्यावरील शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल.