शब्द खरा, अर्थ बनावट: ग्रुपवर खेळायचा शब्दकोशाचा गेम

नागपूरच्या प्रताप नगरातून बोलतोय. आजचा विषय, खोटे अर्थ बनवायचा गेम. इंग्रजीत याला फिक्शनरी म्हणतात. १९८४मध्ये 'बाल्डरडॅश' नावाने त्याचा बोर्डगेमही आला. मराठीत खेळायला फक्त एक ग्रुप आणि एक शब्दकोश पुरतो.

एक जण शब्द देतो, समजा 'उतरंड'. बाकीचे आपापला बनावट अर्थ त्याला पर्सनलवर पाठवतात. तो त्यात खरा अर्थ मिसळून पोल टाकतो. खरा ओळखला की दोन गुण, आणि तुमच्या खोट्याला पडलेल्या प्रत्येक मताला एक.

'घाटातला उतार' खरा वाटतो ना? उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी.

ट्रिक सांगतो. गमतीशीर नाही, कोरडं लिहा. आधी 'स्त्रीलिंगी नाम', मग चार शब्द, बस. लोक अर्थ तपासत नाहीत, थाट बघतात. फॉरवर्ड मेसेज असेच तर खपतात!

उलटंही होतं. 'सांबार म्हणजे कोथिंबीर' ही पुण्याच्या मित्रांना फेकाफेकी वाटते. आपल्याकडे भाजीवाल्याला विचारा की! 'बंडी' म्हणजे बैलगाडी, तेही तसंच. मतं कमी पडली म्हणून शब्द खोटा ठरत नाही.

म्हणून कोश आधीच ठरवा. मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. आणि आजीचा एखादा शब्द तिथे सापडला नाही, तर बाद करू नका. अर्थ तिलाच विचारा आणि लिहून ठेवा.