उलुरूची प्रदक्षिणा

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, तांबड्या वाळूच्या सपाट प्रदेशात, उलुरू हा एकच प्रचंड खडक ३४८ मीटर उंच उभा आहे. सन १८७३ मध्ये विल्यम गॉस या भूमापकाने तो पाहिला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या शासनातील सर हेन्री एअर्स यांच्या नावावरून त्याला ‘एअर्स रॉक’ म्हटले. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत आपल्यापैकी अनेकांनी हेच नाव वाचले असेल. तेथील मूळ रहिवासी अनंगू लोकांसाठी मात्र तो पूर्वापार उलुरूच आहे.

या खडकाभोवती १०.६ किलोमीटरची गोलाकार पायवाट आहे. चढउतार जवळजवळ नाही. रमतगमत चालल्यास साडेतीन-चार तास लागतात. ‘माला’ वाहनतळापासून पहाटे निघून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे खडक उजव्या हाताला ठेवून, चालावे असे सुचविले जाते. अरुणाचलाचे गिरिवलम किंवा ब्रह्मगिरीची फेरी केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. अर्थात प्रदक्षिणा हा शब्द आपला, अनंगूंचा नव्हे.

दुरून एकसंध भासणारा हा खडक जवळून अगदी निराळा दिसतो. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी जवळच्या पर्वतांची झीज होऊन साचलेल्या वाळूपासून हा फेल्डस्पारयुक्त वालुकाश्म बनला. पुढे भूकवचाच्या हालचालींत त्याचे आडवे थर जवळजवळ उभे झाले. अंगावरच्या उभ्या पन्हळी ही त्याचीच खूण. आणि त्याचा तांबडा रंग? तो गंजाचा आहे! दगडातील लोहयुक्त खनिजांवर हवा-पाण्याची क्रिया होऊन वरचा थर लाल झाला. आतला मूळ दगड करडा असून काही गुहांतून तो रंग आजही दिसतो.

दक्षिणेच्या बाजूस मुतित्जुलू हे पाणवठ्याचे स्थान लागते. येथे कुनिया ही अजगर-स्त्री आणि लिरू हा विषारी सर्प यांच्या युद्धाची कथा सांगतात. कातळावरील भेगा आणि डाग हीच त्या कथेची अक्षरे. जवळच्या गुहांत जुनी चित्रे आहेत. पूर्ण फेरी ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी हा १ किलोमीटरचा आणि मालाचा २ किलोमीटरचा, असे दोन छोटे मार्ग आहेत.

पूर्वी बहुतेक प्रवासी फेरी मारण्याऐवजी खडकावर चढत. सन १९६४ मध्ये त्यासाठी साखळीही बसविण्यात आली. दि. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी शासनाने या भूमीची मालकी अनंगूंना परत दिली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी दिली. बँकेतील माणसाला येथे थबकावेसे वाटते, कारण मालक ‘कृपया चढू नका’ असे सांगत असताना पाहुण्यांचे चढणे पुढेही ३४ वर्षे चालूच राहिले. माला पूर्वजांच्या पवित्र मार्गावरून ही चढण जात होती. शिवाय तीवर किमान ३७ जणांनी प्राण गमावले होते. आपल्या भूमीवर पाहुण्याला मृत्यू यावा याचे अनंगूंना दुःख होते. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. माझ्या मते फेरीत काहीच उणे पडत नाही. माथ्यावरून दिसते ते भोवतीचे वाळवंट, खडक दिसतो तो पायथ्याशीच.

मात्र ‘सोपी’ या शब्दावर विसंबू नये. मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत घाम अंगावर राहतो आणि आपण सावध होतो. येथील कोरड्या हवेत तो तत्काळ वाळतो. शरीरातून किती पाणी गेले हे कळतच नाही. म्हणून ताशी एक लिटर असा हिशेब धरतात. चार तासांसाठी चार लिटर, म्हणजे चौघांच्या कुटुंबासाठी सोळा! एवढे ओझे नको म्हणून बाटल्या गाडीत ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. उष्ण दिवसांत फेरी सकाळी अकराच्या आत संपवावी. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा असून पारा ४० अंशांपलीकडे जाऊ शकतो. त्यामुळे नाताळच्या सुटीपेक्षा आपली मे-जूनची सुटी सोयीची. तेव्हा तेथे दिवस सुखद असतात, पण पहाटे तापमान शून्याजवळ उतरते. लोकरीचे कपडे हवेतच. माश्यांसाठी चेहऱ्यावरची जाळीही सोबत असावी.

वाटेवर काही ठिकाणी छायाचित्र न घेण्याची सूचना देणारे फलक आहेत. त्या जागांच्या कथा फक्त अनंगू स्त्रियांना किंवा फक्त पुरुषांना जाणून घेण्याचा अधिकार असतो. तसेच आठवण म्हणून खडा किंवा मूठभर वाळू उचलण्यास मनाई आहे. तरीही लोक नेतात, आणि काही वर्षांनी त्यांपैकी कित्येक जण ते दगड क्षमापत्रासह टपालाने उद्यानाकडे परत पाठवितात. अशा दगडांना तेथे ‘सॉरी रॉक्स’ असे नावच पडले आहे.