सोलापूरचा डॉक्टर, चीनच्या खेड्यातला मास्तर

आपल्या मंडळांच्या सहली लेण्याद्रीला जातात. पायऱ्या चढून वर गेले की मंडळी चैत्यगृहासमोर फोटो काढतात, समोरची शिवनेरी पाहतात, सावलीत डबे सोडतात आणि उन्हे उतरायला लागली की खाली येतात. शिलालेखांपाशी फारसे कोणी थांबत नाही. जुन्नर परिसरातल्या लेण्यांत तीन यवनांची नावे कोरलेली आहेत. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक, पश्चिमेकडून आलेला परका माणूस. चिट नावाच्या यवनाने भिक्खुसंघाला भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. कुठल्या दूरदेशीची ही माणसे, पण त्यांनी आपले दान इथल्या प्राकृत भाषेत, इथल्याच लिपीत खोदवून घेतले. परक्या मुलखात राहायचे तर तिथल्या लोकांना वाचता येईल असे बोलावे, एवढे शहाणपण त्यांना दोन हजार वर्षांपूर्वी होते.

आपली माणसेही बाहेर गेली. भिक्खू कुमारजीव यांचे वडील भारतीय होते. इ.स. ४०१ मध्ये ते चीनच्या छांगआन नगरीत पोहोचले, पण त्याआधी सतराएक वर्षे चीनच्या पश्चिम सरहद्दीवर अडकून पडले होते. तिथे ते चिनी भाषा शिकले. म्हणून तर त्यांनी भाषांतरित केलेली सूत्रे चिनी विहारांत आजही म्हटली जातात.

याच वाटेने विसाव्या शतकात गेलेला एक मराठी माणूस म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८ मध्ये, पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत मराठी दोघे, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस. चीनमध्ये पोहोचल्यावर, येनानकडे निघण्याच्या बेतात असतानाच, कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. ते परत फिरले नाहीत.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या सिनेमामुळे कोटणीस घरोघरी पोहोचले. लढाई, जखमी सैनिक, शस्त्रक्रिया हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. १९४० च्या लढाईत तेरा दिवसांत त्यांनी ५५८ शस्त्रक्रिया केल्या, हेही अनेकदा छापून आले आहे. पण कोटणीस मास्तर होते, हे मात्र आपल्याकडे कोणी फारसे सांगत नाही.

वूताई पर्वत हे चिनी बौद्धांचे मोठे तीर्थस्थान. त्याच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात आठव्या फौजेचा तळ होता. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तिथे काम करता करता १९३९ साली गेले. त्यांच्या नावाने रुग्णालय आणि वैद्यकीय शाळा चालू होती. कोटणीस तिथे शिकवू लागले आणि १९४१ च्या जानेवारीत रुग्णालयाचे प्रमुख झाले. शाळा म्हणजे काय, तर कोगुंग नावाच्या खेड्यातली घरे आणि अंगणे. जपानी फौज आली की शाळा पाठीवर घेऊन डोंगरात निघायचे. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची पोरे, कित्येकांचे शिक्षण जेमतेम.

अशा पोरांना इंग्रजीत शस्त्रक्रिया कशी शिकवणार? बेथ्यून यांना अखेरपर्यंत दुभाष्या लागे. कोटणीस मात्र चिनी शिकायला बसले. त्या लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. एकेक चिन्ह पाठ करावे लागते आणि साधे वर्तमानपत्र वाचायला दोन-तीन हजार चिन्हे यावी लागतात. दिवसा जखमी आणि रात्री दिव्याखाली चिन्हे, असे करत ते वर्गात चिनीतून बोलू लागले. पुढे शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही त्यांनी चिनीतच लिहिले.

इथे मला माझे रात्रीचे कॉलेज आठवते. कॉस्टिंगचे सर तासभर इंग्रजीत बोलत आणि फळा पुसून निघून जात. पाळी संपवून थेट वर्गात आलेली गिरणीतली मुले ते सगळे वहीत उतरवून घेत. समजले का, असे कधी कोणी विचारले नाही. ते सर आमच्याच गावचे, आमच्याच भाषेचे होते. कोटणीस परके होते!

त्या डोंगरात मुख्य अन्न राळ्याचे. आपल्याकडे पूर्वी राळ्याचा भात खात, तोच राळा. परदेशी डॉक्टर म्हणून वेगळे ताट त्यांनी मागितले नाही. तिथले लोक त्यांना 'काळी आई' म्हणत. रंगावरून पडलेले नाव, पण त्यापुढे 'आई' लावले होते. आपला शेतकरी जमिनीला हेच म्हणतो, हे तिथल्या लोकांना कुठून माहीत असणार?

२०२० पर्यंत आपल्या देशातली वीस हजारांहून अधिक मुले डॉक्टरकीसाठी चीनमध्ये होती. वर्गात इंग्रजी चालते, पण वॉर्डातला रुग्ण चिनीतच बोलतो. पोट कुठे दुखते हे त्याला कसे विचारणार? कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या घरांनी फीच्या आकड्याबरोबर, तिथली भाषा किती महिने शिकवतात, हेही विचारून घ्यावे.

त्याच शाळेत नर्सिंग शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी कोटणीसांनी १९४१ साली लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीसांना फिट्स येत असत, तरी काम थांबले नव्हते. दुसरे पाठ्यपुस्तक अर्ध्यावर असताना ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. तोही वैद्यकीय शिक्षण घेत होता, पण १९६७ साली, डॉक्टर व्हायच्या आधीच, वारला.

छिंगलानबाई पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ साली त्या चीनमध्ये वारल्या. त्याच वर्षी सोलापूरच्या भैया चौकात कोटणीसांच्या घराचे स्मारक खुले झाले. पुढच्या सहलीला बस सोलापूरकडे न्यायची असेल, तर तिथे मुलांना घेऊन अवश्य जावे.