घोडा कोणाचा?

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘वॉर हॉर्स’ हा २०११ सालचा चित्रपट मायकेल मॉर्पर्गो यांच्या १९८२ मधील बालकादंबरीवर आधारलेला आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील अल्बर्ट हा शेतकऱ्याचा मुलगा जोई नावाच्या घोड्याला नांगराला जुंपावयास शिकवितो. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच पैशाच्या अडचणीत सापडलेला बाप तो घोडा लष्कराला विकून टाकतो. लहानथोरांनी एकत्र पाहावा आणि डोळे पुसत उठावे, असा हा चित्रपट आहे. त्याच्या मुळाशी मात्र एक रोकडा प्रश्न आहे : युद्धावर जाणारा घोडा कोणाचा?

या प्रश्नाची दोन उत्तरे मराठी भाषेत दोन शब्दांनी दिलेली आहेत. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार; सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा पडला की शिलेदाराची पुंजीच बुडे. मराठी फौजा दूरदूर पसरल्या. १७४१ साली भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली नागपूरकर भोसल्यांचे सैन्य छत्तीसगडात उतरले. रायपुरातील तात्यापाऱ्यासारख्या मराठी वस्तीमागे हाच इतिहास आहे.

पुढे इंग्रजांनीही हिंदी घोडदळात शिलेदारी पद्धत चालू ठेवली. घोड्यासाठी व साजासाठी स्वार पलटणीत ठेव भरीत असे. पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या अशाच पलटणी पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेल्या. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत डेक्कन हॉर्सचे स्वार भाले सरसावून हाय वुड या रानाजवळच्या शेतांतून चालून गेले. परंतु मशीनगन व काटेरी तारा यांच्यापुढे घोडदळाचा निभाव लागणे कठीण होते. घोड्यांची हानी भरून काढणे स्वाराच्या ऐपतीबाहेरचे ठरले आणि युद्धानंतरच्या फेररचनेत शिलेदारी पद्धत बंद झाली.

त्या युद्धात सुमारे ८० लाख घोडे, खेचरे व गाढवे मेली, असा अंदाज आहे. वाचलेल्यांपैकी अनेक घोडे लष्कराने परदेशातच विकले. १९३० साली कैरोला गेलेल्या डॉरोथी ब्रुक यांना असे म्हातारे घोडे रस्त्यावर ओझी ओढताना आढळले. त्यांनी वर्गणी जमवून सुमारे ५,००० घोडे विकत घेतले आणि १९३४ मध्ये तेथे पशुरुग्णालय काढले.

चित्रपटातील जोईही अखेरीस लिलावात उभा राहतो. पण त्याला आपला म्हणणारा अल्बर्ट तेथे हजर असतो, म्हणून तो घरी परततो. प्रेक्षकाचे डोळे ओलावतात ते याच भेटीने. लष्कराच्या लाखो घोड्यांना असा कोणी शिलेदार उरला नव्हता.